चारुताच्या लग्नातलं कुर्डू

पिपरी मेघे, वर्धा
८ जून २०२५

ती. मंदाताईंस,
पद्माचा शि. सा. न. वि. वि.

धर्मेंद्रच्या फोनवर निरोप पोचलाच असेल. पण तो नुसता निरोप झाला, बातमी मी पत्रातच सांगणार. ताई, आपल्या चारुताचं ठरलं! मुलगा सुमीत, मूळचा नागपूरचा, हैदराबादला तिच्याच ऑफिसात. छत्तिसाव्या वर्षी माझी लेक लाजताना पाहिली आणि इतका आनंद झाला, की मी चहात दोनदा साखर घातली. हे तसाच प्यायले आणि छान झालाय म्हणाले. म्हणजे त्यांचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं.

लग्न १६ नोव्हेंबरला, आमच्याच अंगणात. दोन्हीकडची जवळची माणसं फक्त. हॉल नको, थर्माकोल नको, डेकोरेशनवाला नको, अशी बाईसाहेबांची आज्ञा आहे. मी तिला विचारलं, की आई म्हणून माझ्याकडून तुला काय हवं. तुम्हाला ठाऊक आहे, या प्रश्नाला तिचं उत्तर कायम एकच: काही नको. नोकरी लागली तेव्हा काही नको, फ्लॅट घेतला तेव्हाही काही नको. या वेळी मात्र ती म्हणाली, मोठ्या आईच्या शेतात, धुऱ्यावर, बांधाच्या कडेला ती गुलाबी-पांढरी फुलं असायची ना, मेणबत्तीसारखी उभी, मांडवात मला ती हवीत.

ताई, ती तुमच्या शेतातल्या तणाबद्दल, कुर्डूबद्दल बोलत होती!

मला आधी हसू आलं. कॉन्व्हेंटमध्ये वर्गात बोलल्याची शिक्षा म्हणून सिस्टर आम्हाला मैदानातलं कुर्डू उपटायला लावायच्या. मी बडबडी, त्यामुळे निम्मं मैदान मीच साफ केलं असेल. हात चिकट व्हायचे, पण ते तुरे फेकून देववत नसत. दप्तरात लपवून घरी आणायचे आणि पाटीमागे उभे करून ठेवायचे.

आणि मग हसू मावळलं. मी आर्वीच्या शाळेत शिकवायला होते तेव्हा चारुता पाच वर्षं तुमच्याकडे वाढली. तुम्ही दर आठवड्याला तिच्या खोड्यांचं कार्ड टाकायचात, तेव्हापासूनची ही आपली पत्रांची सवय. ती फुलं तुमच्या घरच्या आठवणीतली आहेत, माझ्या नव्हेत. म्हणूनच ती विकत, मागून किंवा तोडून आणायची नाहीत, माझ्या अंगणात माझ्या हातांनी वाढवायची आहेत. लेकीनं पहिल्यांदा काही मागितलंय. ते मला द्यायचंच आहे.

तर बी पाठवा. हसा, पण पाठवा. दादांना नमस्कार.

तुमचा लोभ नेहमीसारखा, सोबत टोमणेही चालतील.

तुमची,
पद्मा

*

सेलू
१४ जून २०२५

चि. सौ. पद्मास,
मंदाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसली, इतकी हसली, का धर्मेंद्र धावत आला, आईले काय झालं म्हणून. अव बाई, चाळीस वर्षं झाले मी कुर्डू निंदून राह्यली. माह्या कमरेचे दोन मणके त्या कुर्डूनं खाल्ले. आन् तू मले त्याचं बी मागून राह्यली! कुर्डूचं बी मागणारी बाई साऱ्या वर्धा जिल्ह्यात तू एकलीच असशीन.

ह्यायले सांगितलं तर हे म्हणे, माह्या भावाले, बंडूले म्हणा, पुढच्या साली गाजरगवताची पण बाग लाव.

पण पोट्टीच्या लग्नाची गोष्ट आयकून लय बरं वाटलं. मी देवाजवळ साखर ठेवली. खरं सांगू का, ते फुलं तिले आठवतात हे वाचून माहे डोये भरून आले. दुपारी निंदाले जाओ तं तिले धुऱ्यावर बसवून ठेवो. हातात दोन तुरे दिले का घंटाभर चूप.

बी पाठवून राह्यली. तूर चाळली का चाळणीखाली कुर्डूचं काळं बी पडते, बारीक, चमकते. ते मी कोंबड्यायपुढे टाकत असतो. या साली कोंबड्या उपाशी, तुह्या अंगणासाठी. धर्मेंद्र बाजाराले येईन तेव्हा पुडी देईन. एक सांगतो, आमच्या शेतात आता कुर्डू पह्यलेसारखं राह्यलं नाई. फवारा मारतात, त्यात सारं जळते. तेव्हा पुडी सांभाळून वापरजो, दुसरी भेटन का नाई सांगता येत नाई.

व्हॉट्सॲपवर लिहू नको. फोन धर्मेंद्रजवळ राह्यते, सारं घर वाचते आन् मंग मले समजते.

बंडूभाऊजीले आशीर्वाद. माया कमी करू नको, आन् अक्कल थोडी वाढवजो.

तुझी,
मंदाताई

*

पिपरी मेघे, वर्धा
९ जुलै २०२५

ती. मंदाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

उगवलं! चार दिवसांपूर्वी सकाळी मी ह्यांना अंघोळीतून हाक मारून बोलावलं. टॉवेल गुंडाळून हे बाहेर आले आणि म्हणाले, की तण उगवलं म्हणून इतकं ओरडणारी बाई मी आयुष्यात पाहिली नाही.

आधी मात्र फजिती झाली. मी फाटकाजवळचा वाफा छान खणला, शेणखत घातलं, दोरी धरून सरळ ओळी आखल्या आणि बी बोटभर खोल पेरलं. सिस्टरांनी झेंडू असाच लावायला शिकवला होता. दोन आठवडे वाफा कोरा. मी रोज चष्मा लावून वाकून बघायची. शेवटी उरलेलं बी रागानंच वर भिरकावलं आणि हातानं माती थोडी दाबली. ते मात्र दाटीवाटीनं वर आलं आहे! त्याला उजेड लागतो, हे मी माझं मीच शोधून काढलं, म्हणून डबल खूश आहे.

आता अंगणाची दशा ऐका. माझ्या अंगणात पान पडलं तर मी हातातलं काम टाकून उठते, हे तुम्ही जाणता. चारुता लहानपणी म्हणायची, की आईच्या अंगणात चिखलसुद्धा ओळीत बसतो. त्याच अंगणात फाटकापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असं कुर्डूचं रान माजतंय. शेजारच्या आकांक्षानं काल काळजीनं विचारलं, काकू, तब्येत बरी आहे ना, माळी पाठवू का. मी म्हटलं, तब्येत उत्तम, माळी पाठवशील तर बघ.

रोपं आता वीतभर होतील. डोळ्यांच्या डॉक्टरकडे याल तेव्हा नक्की येऊन बघा. आणि चारुताला काही सांगू नका. तिला वाटतंय मला जमणार नाही. तोंडानं म्हणत नाही, पण फोनवर परवा म्हणाली, नाही मिळाली फुलं तर राहू दे हं आई. त्या राहू दे मध्ये सगळं आलं.

तुमच्या मायेवर आमचं अंगण उभं आहे, पाणी कमी पडू देऊ नका.

तुमची,
पद्मा

*

सेलू
२६ जुलै २०२५

चि. सौ. पद्मास,
अ. उ. आ.

कसं लिहू समजून नाई राह्यलं. तुले घरी आल्यावर दिसलंच असन.

काल मी डोये दाखवाले वर्ध्याले आलती. तुह्या घरी गेली तं बंडूभाऊजी एकलेच, म्हणे पद्मा नागपूरले साड्या पाह्यले गेली. मी म्हटलं बसतो घडीभर. अंगणात बसली, भाऊजीनं खुर्ची आणली, तं मी म्हटलं नको, मी खालीच बरी. वाफ्याच्या काठाशी टेकली. कुर्डू पाह्यलं, काय सुंदर आलतं व! भाऊजीले म्हटलं बी, का पद्माच्या हाताले यश हाय.

मंग गोष्टी निघाल्या. चारुतानं लहानपणी वासराच्या गळ्यातली घंटी कशी चोरली ते मी सांगत होती, भाऊजी हसत होते, पेपर वाचत होते. मी बोलत राह्यली आन् हात चालत राह्यला. पद्मा, तुही शप्पथ, मले समजलंच नाई. वाफ्याशी बसली का हात आपोआप जाते. चाळीस वर्षाची सवय. मुळाशी धरायचं, हलवायचं, उपटायचं, मागं टाकायचं. गोष्ट संपली तेव्हा खाली पाह्यलं तं वाफा साफ. एक रोप नाई. मांडीमागं ढीग.

माह्या पायाखालची जमीन गेली. भाऊजी पेपरातून वर पाहून म्हणे, अरे वा, स्वच्छ झालं. त्यायले पण समजलं नाई! मी तो ढीग पदरात भरला, मागं मोरीपाशी भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन टाकला, का तुह्या नजरेस पडू नये, आन् पह्यल्या बसनं घरी आली. चहा पण नाई घेतला.

चाळणीखाली पाह्यलं, बी नाई. शेजारच्या धुपरताच्या वावरात गेली, रूपरावच्या वावरात गेली, साऱ्यायकडे फवारा मारेल हाय. ज्या कुर्डूले जन्मभर शिव्या देल्ल्या, ते आता भीक मागून भेटत नाई.

पोट्टीनं तुले एक गोष्ट मागतली आन् ते मी उपटली. मी लग्नाले कोणत्या तोंडानं येऊ? ह्यायले पाठवतो. मी येत नाई.

रागव, पण तोडू नको.

मंदाताई

*

सेलू
१३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पद्मास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाई. पोस्टमन गेला का मी फाटकात उभी राह्यतो. हे म्हणतात, पद्मा तशी नाई, तब्येत बिघडली असन. मले माहीत हाय, तब्येत नाई बिघडली.

चार शिव्या तरी लिहून पाठव. कोरं राहू नको.

मंदाताई

*

पिपरी मेघे, वर्धा
२० ऑगस्ट २०२५

ती. मंदाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

शिव्या लिहिणार होते. खरंच. कागद घेऊन तीनदा बसले. नागपूरहून साड्यांच्या पिशव्या घेऊन फाटक उघडलं आणि तो सपाट वाफा पाहिला, तेव्हा मी पिशव्यांसकट पायरीवर बसले. आणि हे कौतुकानं सांगायला बाहेर आले, की वहिनी येऊन अंगण साफ करून गेल्या! ताई, त्या दिवशी तुमच्यापेक्षा मी ह्यांनाच जास्त बोलले. चष्मा लावून पेपर वाचता आणि समोर बायको लुटली जाते ते दिसत नाही, असं काहीबाही. हे दोन दिवस घाबरून स्वतःची ताटं स्वतः घासत होते.

रागाहून दुःख जास्त होतं. वाटलं, चारुताला ठाऊकच होतं, की मला जमणार नाही. तिच्या लहानपणी मी जवळ नव्हते आणि आता तिचं हे एवढंसं मागणंही माझ्या हातून निसटलं. मग लिहायला सुचेना. मागच्या अंगणाकडे मी फिरकलेच नाही. कपडे वाळत घालायचं कामसुद्धा ह्यांच्या गळ्यात घातलं.

आणि काल! काल हे कपडे काढायला गेले आणि तिथूनच मला हाका मारू लागले. यांचा आवाज असा मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. धावत गेले. मोरीपाशी भिंतीच्या कोपऱ्यात, तुम्ही टाकलेल्या त्या ढिगात, ताई, सगळं कुर्डू जिवंत आहे!

किती दिवस पावसाची झड लागली होती आठवतं ना? उपटलेल्या रोपांनी पडल्या पडल्याच मुळं धरली. आडवी पडलेली होती, ती हात कोपरात वाकावा तशी वाकून सरळ वर आली आहेत. माझ्या कमरेपर्यंत! माझ्या वाफ्यात ओळखीच्या बायकांसारखी अंतर राखून उभी होती, इथे नुसती जत्रा आहे. मोरीचं पाणी, भांड्यांचं खरकटं, सगळं तिकडेच जातं. मी त्या चिखलात चपलांसकट उभी राहून हसत होते आणि रडत होते. यांनी मला हात धरून बाहेर ओढलं.

तेव्हा आता ऐका. तुम्ही येत नाही हे वाक्य मी वाचलंच नाही. चारुताचं कन्यादान आम्ही करू, पण अंतरपाटाशी तिच्या मागे तुम्ही उभ्या नसलात तर ती तिथून हलायची नाही, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. आणि हो, लग्नाआधी कितीही वेळा या, पण माझ्या मागच्या अंगणात तुमचे दोन्ही हात बांधून ठेवीन.

तुमच्या लोभानंच ते जगलं म्हणते, पुन्हा इतका लोभ नको.

तुमची,
पद्मा

*

सेलू
२७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पद्मास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आन् मी अंगणात फुगडी घालाले गेली, गुडघ्यानं आठवण करून देल्ली.

माय व माय! मले कसं नाई सुचलं? पावसात निंदलेलं पुन्हा जगते, हे आम्ही पोरीबाळीयले शिकवतो. म्हणून तं उपटलं का माती झटकून धुऱ्यावर उलटं टाकतात. त्या दिवशी मी घाबरली होती, माती झटकलीच नाई. मातीसकट नेऊन टाकलं. जन्मात पह्यल्यांदा मी निंदण चुकीचं केलं आन् तेच कामी आलं.

आता तू शहाणपणा करजो नको. वाकडे हाय तं वाकडे राहू दे, काड्या लावून सरळ करू नको. मी तुले ओळखतो, तू दोरी घेऊन गेलीच असशीन.

मी येतो. कशी नाई येणार. मुंडावळ्या मी करीन. पोट्टीले सांगू नको.

माया होती तशी हाय, वर थोडं व्याज घेजो.

तुझी,
मंदाताई

*

पिपरी मेघे, वर्धा
१७ ऑक्टोबर २०२५

ती. मंदाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

दोरी घेऊन गेले होते. तुमचं पत्र आलं म्हणून परत फिरले.

तुरे लागलेत. खाली रुपेरी पांढरे, टोकाला गुलाबी, सकाळी दव असतं तेव्हा चांदीच्या समया लावल्यासारखे. पिवळी फुलपाखरं इतकी येतात, की आकांक्षा आता माळी पाठवायचं विसरली आणि मोबाइल घेऊन फोटो काढायला येते.

अडचण एकच, आणि ती मोठी. फुलं मोरीपाशी, मांडव फाटकापाशी. तोडून पुढे नेली तर चालतील, असं सगळ्यांचं मत. पण मग ती सजावट झाली. चारुता म्हणाली होती, उभी असायची. मी चार दिवस विचार केला आणि ह्यांना सांगितलं, की लग्न मागच्या अंगणात लागेल. हे म्हणाले, व्याही मंडळी बोळातून, गॅस सिलिंडर ओलांडून, मोरीपाशी येणार का? मी म्हटलं, येतील. ह्यांना उशिरा का होईना, हसू आलं. आता भिंतीला चुना देतायत, मोरीवर फळ्या टाकतायत आणि गुणगुणतायत. ताई, ज्या अंगणात पाहुण्यांनी डोकावू नये म्हणून मी पडदा लावला होता, तिथे मी लेकीचं लग्न लावणार आहे. भीतीही वाटते आणि झोपही येत नाही आनंदानं.

तुम्ही लवकर या. दादांना, धर्मेंद्रला घेऊन. लोभ आणा, फराळाचं मी करते.

तुमची,
पद्मा

*

पिपरी मेघे, वर्धा
२० नोव्हेंबर २०२५

ती. मंदाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

घर रिकामं झालं आणि मी लिहायला बसले. तुम्ही सगळं पाहिलंत, पण तुम्ही मुंडावळ्या ओवत आत बसला होतात, म्हणून काही गोष्टी तुमच्या हुकल्या.

विहीणबाई, प्रमिलाबाई, बोळातून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा सिलिंडरपाशी जरा उतरला होता. मग मागचं अंगण दिसलं आणि त्या थांबल्याच. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की ही फुलं नागपूरच्या कोणत्या फुलवाल्याकडून मागवलीत, फार महाग असतील. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, आमच्या वहिनींनी खास लागवड करून दिली. ताई, खोटं तरी कसं म्हणू?

गुरुजींनी कुर्डूच्या मुंडावळ्या पाहून भुवया उंचावल्या. शास्त्रात बसतं का, असं पुटपुटले. चारुतानं सांगितलं, की माझ्या शास्त्रात बसतं, आणि कपाळ पुढे केलं.

ती आदल्या दिवशी आली तो क्षण मात्र मी कुणालाच सांगितलेला नाही. बॅग टाकून ती थेट मागे गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ती कोपऱ्याशी उभी राहिली, खूप वेळ. हात लावला नाही. आत येऊन पाणी मागितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, मागे बरंच माजलंय. एवढंच. मी रात्रभर विचार करत राहिले, की हे आवडलं म्हणायचं का नाही.

पाठवणीच्या वेळी माझ्या गळ्यात पडली, नीट राहा म्हणाली, औषधं वेळेवर घे म्हणाली. मग तुमच्याकडे गेली आणि तुमच्या कानाशी लागून कितीतरी बोलली आणि रडली. विचारणार नव्हते. साठी उलटलेल्या बाईनं असं विचारू नये. पण ताई, ती काय म्हणाली? तुमच्या धुऱ्याचंच काही असेल तर तसं लिहा. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण चालेल.

लोभ आहे म्हणूनच विचारलं.

तुमची,
पद्मा

*

सेलू
२५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. पद्मास,
अ. उ. आ.

घरी आल्या आल्या तुरीत निंदाले गेली. दोन कुर्डू दिसले. उपटले. काय करू, वावर हाय ते, मांडव नाई. धुपरता मले चिडवून राह्यली, म्हणे मंदाबाई, तुमच्या घरच्या लग्नात निंदणाचं गवत लावलं होतं म्हणे, फुलायले पैसे नव्हते का? मी म्हटलं, पैसे होते, म्हणून फुलं नाई आणले. ते अजून विचार करून राह्यली.

आता तुह्या गोष्टीचं. तू विचारशीन हे मले माहीत होतं. मीच लिहिणार होती, पण म्हटलं पाहू, बाई विचारते का मनात ठेवते. विचारलं ते बरं केलं.

माह्या धुऱ्याचं एक अक्षर नाई बोलली ते. गळ्याशी लागली आन् म्हणे, मोठी आई, पाह्यलं का तुम्ही? माह्या आईनं माह्यासाठी चार महिने अंगणात कचरा वाढू देल्ला. म्हणे, घरात मी कागदाचा तुकडा टाकला तं ते उचलून हातात देत होती, आन् आता मोरीपाशी चिखलात उभी राहून माहं लग्न लावून राह्यली, पाहुण्यायसमोर. म्हणे, काल मागं गेली तं मले बोलताच नाई आलं, तिच्यासमोर रडली असती तं तिनं रुमाल शोधला असता. मंग रडली. मी समजली, सासरी जाते म्हणून रडून राह्यली. तं नाई व बाई. मांडवाच्या दांड्याशी तू उभी होती, साडीचा काठ चिखलात भरला होता, आन् ते तुह्याकडे पाहून रडत होती.

मले म्हणे, आईले सांगू नका. म्हणून मी सांगून राह्यली.

आता चष्मा पूस. बंडूभाऊजीले हाक मार आन् त्यायले पण वाचून दाखव, पेपर बाजूले ठेवाले लावजो.

माह्याकडून तुले भरभरून माया. मोजू नको, ठेवून घेजो.

तुझी,
मंदाताई